आजीबाईचा बटवा आणि तुमची वही

भाजी चिरताना बोट कापले की घरातली आजी काय करते? हळदीच्या डब्याकडे धावते. चिमूटभर हळद जखमेवर दाबते आणि वर चिंधी बांधते. हे तिला कोणी शिकवले? तिच्या आईने. आणि त्या आईला? तिच्या आईने. ही शाळा फार जुनी आहे. तिला इमारत नाही, फळा नाही आणि पाठ्यपुस्तकही नाही.

पाठ्यपुस्तक नसल्याची किंमत मात्र कधी कधी मोजावी लागते. १९९५ सालच्या मार्च महिन्यात अमेरिकेच्या पेटंट कार्यालयाने ‘जखम भरून येण्यासाठी हळदीचा उपयोग’ यावर चक्क पेटंट दिले. पेटंट म्हणजे नव्या शोधावरचा ठरावीक मुदतीचा मालकी हक्क. मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्रातील दोन संशोधकांचा तो अर्ज होता. आपल्या वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने त्याला हरकत घेतली. डॉ. रघुनाथ माशेलकर तेव्हा परिषदेचे महासंचालक होते. आता पाहा, ‘आमच्या घरोघरच्या आज्या हे पिढ्यान्‌पिढ्या करत आल्या आहेत’ एवढे सांगून काम भागले नाही. लिहिलेला, छापलेला पुरावा हवा होता. परिषदेने असे ३२ संदर्भ शोधून काढले. त्यांत जुन्या ग्रंथांतले उल्लेख होते आणि १९५३ साली भारतातील एका वैद्यकीय नियतकालिकात आलेला लेखही होता. तो पुरावा मान्य झाला आणि १९९७ साली ते पेटंट रद्द करण्यात आले.

हळद वाचली, कारण कोणीतरी तिच्याविषयी लिहून ठेवले होते. पण तुमच्या आजीला माहीत असलेल्या इतर पंधरा-वीस झाडापाल्यांचे काय? त्यांची नोंद कुठे आहे? बहुतेक वेळा ती फक्त आजीच्या डोक्यात असते. आणि डोक्यातल्या माहितीत दोन अडचणी असतात. एक तर ती माणसाबरोबर नाहीशी होते. दुसरे म्हणजे ती बरोबर आहे की चूक हे कोणाला तपासता येत नाही. लिहून ठेवलेली माहितीच तपासता येते.

घरातल्या वडीलधाऱ्यांना झाडे ओळखता येतात. तुम्हाला लिहिता, मोजता आणि आकृती काढता येते. ही दोन्ही कामे एकत्र आली, तर घरातल्या घरात एक उत्तम संशोधन मंडळ तयार होईल. ते कसे चालवावे, ते या लेखात पाहू.

मी महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवतो, वनस्पतिशास्त्र नव्हे. तेव्हा कोणत्या रोगावर कोणता पाला द्यावा, अशी यादी तुम्हाला येथे मिळणार नाही. नीट पाहणे, मोजणे आणि जे दिसले तेच लिहिणे, या गोष्टी मात्र पदार्थविज्ञानाइतक्याच येथेही लागतात.

शिवारफेरी

आमचे सावनेर नागपूरहून छिंदवाड्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर आहे. कोलार नदी, काळी जमीन, कपाशीची शेते, संत्र्यांचे बगीचे आणि कोळशाच्या खाणी, असा हा सगळा परिसर. येथे औषधी वनस्पती पाहायला दूर जंगलात जावे लागत नाही. पहिला पाऊस पडला की बांधावर तरोटा उगवतो. विदर्भात त्याच्या कोवळ्या पाल्याची भाजी घरोघर होते. त्याच्या मागोमाग आघाडा, माका, भुईआवळी आणि पुनर्नवा दिसू लागतात. रस्त्याच्या कडेला रुई, धोतरा आणि एरंडी असतात. कुंपणाला अडुळसा आणि कडुनिंबावर चढलेला गुळवेल सापडतो. फाल्गुनात पळस फुलतो, पाठोपाठ मोहाची फुले गळू लागतात.

एखाद्या रविवारी सकाळी घरातल्या मोठ्या माणसाला बरोबर घेऊन शिवारात फेरी मारा. आजी, आबा, मामा, कोणीही चालतील. पण एक युक्ती सांगतो. शेतात निंदणाला येणाऱ्या मावशींना जरूर विचारा. ज्या बाईने वीस-पंचवीस वर्षे वाकून निंदण केले आहे, तिला दोन पानांवरच्या रोपट्याचीही ओळख पटते. गुरे चारणाऱ्या माणसालाही असेच बरेच ठाऊक असते. कोणते झाड जनावरे खातात, कोणते टाळतात आणि कोणत्या पाल्याने गाय आजारी पडली, हे तो वर्षानुवर्षे पाहत आलेला असतो.

पहिल्या फेरीत फक्त दहा वनस्पती घ्या. घाई करू नका. प्रत्येकीपुढे पाच मिनिटे थांबा. मोठ्यांना विचारा, ‘ही अमुकच आहे हे तुम्ही कशावरून ओळखले?’ हा प्रश्न फार महत्त्वाचा आहे. ‘दिसतेच की!’ असे पहिले उत्तर येईल. तेवढ्यावर सोडू नका. मग हळूहळू खरी माहिती बाहेर येते. पान चुरगळले की वास कसा येतो, देठ तोडला की चीक निघतो का, पाने समोरासमोर आहेत की एकाआड एक, खोडावर लव आहे का, अशा खुणा मोठी माणसे नकळत पाहत असतात. त्यांनाही त्या शब्दांत सांगताना नव्याने कळतात. तुमच्याबरोबर तेही शिकतात, ते असे.

नाव एक, झाडे अनेक

ओळखीवर इतका भर का, हे आता पाहू. ‘शंखपुष्पी’ हे नाव तुम्ही ऐकले असेल. बुद्धी वाढवणारी म्हणून तिची ख्याती आहे. पण या एका नावाने देशाच्या वेगवेगळ्या भागांत निदान तीन निरनिराळ्या वनस्पती ओळखल्या जातात. एक कॉन्व्हॉल्व्ह्युलस जातीतली, दुसरी जमिनीलगत पसरणारी निळ्या बारीक फुलांची विष्णुक्रांता आणि तिसरी म्हणजे कुंपणावरची गोकर्ण. ‘ब्राह्मी’चेही तसेच. महाराष्ट्रात गोल पानांची मंडूकपर्णी ब्राह्मी म्हणून दिली जाते, तर ग्रंथांतली ब्राह्मी म्हणून बहुतेक तज्ज्ञ जिला मानतात ती जाड, लहान पानांची नीरब्राह्मी वेगळीच आहे. या दोघींचे कुळही एक नाही.

म्हणूनच कार्ल लिनीयस या स्वीडिश शास्त्रज्ञाने १७५३ साली प्रत्येक वनस्पतीला दोन शब्दांचे शास्त्रीय नाव देण्याची पद्धत रूढ केली. गुळवेलीचे शास्त्रीय नाव टिनोस्पोरा कॉर्डिफोलिया. कॉर्डिफोलिया म्हणजे हृदयाच्या आकाराच्या पानांची. गावोगावची नावे वेगळी असली तरी हे नाव जगभर एकच राहते.

गुळवेलीचे उदाहरण जरा सविस्तर पाहण्यासारखे आहे. २०२० साली करोनाच्या साथीत घरोघरी काढे उकळू लागले आणि गुळवेलीला मोठी मागणी आली. त्याच वर्षी सप्टेंबर ते डिसेंबर या काळात मुंबईतल्या डॉक्टरांना यकृताला इजा झालेले सहा रुग्ण आढळले. हे सर्व जण गुळवेल घेत होते. २०२१ साली हा अहवाल प्रसिद्ध झाला. त्यावर केंद्र सरकारच्या आयुष मंत्रालयाने आक्षेप घेतला. रुग्णांनी घेतलेली वनस्पती गुळवेलच होती, की तिच्यासारखी दिसणारी दुसरी कोणती वेल होती, याची तपासणी झालेली नाही, असे मंत्रालयाचे म्हणणे होते. गुळवेलीची टिनोस्पोरा क्रिस्पा नावाची एक बहीण आहे आणि तिच्यामुळे यकृताला इजा होऊ शकते, हे आधीपासून माहीत आहे. पुढे देशातल्या इतर रुग्णालयांतूनही गुळवेल घेणाऱ्यांना असा त्रास झाल्याच्या नोंदी आल्या.

यातला वाद तज्ज्ञ सोडवतील. आपण त्यातून दोन गोष्टी घ्यायच्या. ‘नैसर्गिक आहे, म्हणजे अपाय होणारच नाही’ हे म्हणणे खरे नाही. आणि ‘मी गुळवेल घेतली’ एवढे सांगणे पुरेसे नाही. कोणती वेल, तिचा कोणता भाग, किती आणि किती दिवस घेतला, हे सांगता आले पाहिजे.

‘कोणता भाग’ याचे महत्त्व एरंडीवरून समजेल. एरंडीचे पान गरम करून शेकायला वापरतात. बियांचे तेल रेचक म्हणून देत असत. पण त्याच बीत रिसिन नावाचे एक अतिशय जहाल विष असते. १९७८ साली लंडनमध्ये गिओर्गी मार्कोव्ह या बल्गेरियन लेखकाचा खून झाला. त्यासाठी टाचणीच्या डोक्याएवढ्या धातूच्या गोळीतून मावेल एवढेच रिसिन पुरले, असे तपासात दिसून आले. मग एरंडेल तेल घेणारी माणसे कशी जगली? रिसिन हे प्रथिन आहे. ते पाण्यात विरघळते, तेलात विरघळत नाही. त्यामुळे तेल काढताना ते पेंडीत मागे राहते, आणि उष्णतेने त्याचा विषारीपणाही जातो. एकाच झाडाच्या एकाच बीत औषध आणि विष शेजारी-शेजारी राहतात, ते असे.

‘मूठभर’ म्हणजे किती?

आता पदार्थविज्ञानाकडे येऊ. आजीच्या कृतीत मापे कशी असतात? चिमूटभर, मूठभर, चार पाने, वितीएवढी काडी. ही मापे टाकाऊ आहेत असे मुळीच नाही. जिथे तराजू नव्हता तिथे हात हेच माप होते. पण ते किती भरवशाचे आहे, हे तुम्हाला घरीच पाहता येईल.

प्रयोग पहिला : कडुनिंबाची डहाळी घ्या. घरातल्या तिघांनी, म्हणजे समजा आजीने, तुम्ही आणि धाकट्या भावाने, पानांची एकेक मूठ भरून घ्यावी. स्वयंपाकघरात ग्रॅम दाखवणारा काटा असेल तर प्रत्येक मूठ त्यावर तोला. नसेल तर किराणा दुकानदाराला विनंती करा. तिन्ही आकडे वहीत लिहा. मग प्रत्येकाने पुन्हा पाच वेळा मूठ भरावी आणि दर वेळी वजन करावे. एकाच माणसाच्या पाच मुठींत किती फरक पडला? तीन माणसांच्या मुठींत किती पडला? पाच मोजमापांची सरासरी काढा. सर्वांत मोठ्या आणि सर्वांत लहान आकड्यातला फरकही काढा. प्रयोगशाळेत तुम्ही जी ‘मोजमापातील त्रुटी’ शिकता, ती हीच.

आता तीच पाने वर्तमानपत्रावर पसरून सावलीत वाळवा. रोज एकाच वेळी वजन करा. सलग दोन दिवस वजन बदलले नाही, म्हणजे पाने वाळली असे समजा. आधीच्या वजनातून नंतरचे वजन वजा केले की उडून गेलेले पाणी मिळेल. ते मूळ वजनाच्या शेकडा किती आहे? आलेख कागदावर दिवस आणि वजन यांचा आलेख काढा. सुरुवातीला वजन झरझर उतरते, नंतर हळूहळू. असे का होत असावे, याचा घरच्यांबरोबर विचार करा. पावसाळ्यात आणि उन्हाळ्यात हाच प्रयोग करून पाहिलात तर आणखी मजा येईल.

हा प्रयोग झाला की आजीला विचारा, ‘तू मूठभर म्हणतेस ती ओल्या पानांची की वाळलेल्या?’ उत्तर वहीत लिहा. आणि एक गोष्ट लक्षात घ्या. वजन सारखे असले तरी दोन झाडांच्या पानांत औषधी द्रव्य सारखे असेलच असे नाही. जमीन, हंगाम, झाडाचे वय, पाने कशी वाळवली, या सर्वांवर ते अवलंबून असते. म्हणूनच औषध बनवणाऱ्यांना वजनाबरोबर आतले द्रव्यही मोजावे लागते.

ऐकीव गोष्टीपासून औषधापर्यंत

एखादी ऐकीव गोष्ट औषध कशी बनते? याचे एक सुंदर उदाहरण आपल्या मुंबईतच घडले. सर्पगंधा नावाच्या झुडपाचे मूळ वेड, निद्रानाश आणि सर्पदंश यांवर देण्याची प्रथा भारतात फार जुनी होती. १९३१ साली कलकत्त्याचे डॉ. गणनाथ सेन आणि डॉ. कार्तिकचंद्र बोस यांनी लिहिले की या मुळीने रक्तदाब उतरतो. मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी उच्च रक्तदाबाच्या ५० रुग्णांना ही मुळी देऊन त्यांचा रक्तदाब पुनःपुन्हा मोजला आणि १९४९ साली ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यानंतर सर्पगंधेकडे सगळ्या जगाचे लक्ष गेले. १९५२ साली स्वित्झर्लंडमध्ये त्या मुळीतून रिसर्पिन हे द्रव्य वेगळे काढण्यात आले आणि पुढे अनेक वर्षे ते जगभर वापरले गेले. डॉ. वकील यांना १९५७ साली अमेरिकेचा लास्कर पुरस्कार मिळाला.

गोष्ट येथेच संपत नाही. रिसर्पिन घेणाऱ्या काही रुग्णांना खिन्नता येते, असे पुढे दिसले. त्याहून चांगली औषधे निघाली आणि आज रिसर्पिन क्वचितच देतात. हे सगळे कळले, कारण प्रत्येक पायरीवर कोणीतरी मोजत होते आणि लिहीत होते. फायदा लिहिला, तसा तोटाही लिहिला.

दुसरी गोष्ट तुमच्या अंगणातल्या सदाफुलीची. ती मूळची मादागास्कर बेटावरची. जमैकात लोक तिच्या पानांचा काढा मधुमेहावर घेत. तेथून आलेली पाने कॅनडातल्या रॉबर्ट नोबल आणि चार्ल्स बीअर यांनी तपासली. उंदरांच्या रक्तातली साखर काही उतरली नाही. पण रक्तातल्या पांढऱ्या पेशी मात्र फार कमी झाल्या. अपेक्षित उत्तर आले नाही म्हणून त्यांनी वही मिटली असती तर? त्यांनी ती मिटली नाही. रक्ताच्या कर्करोगात पांढऱ्या पेशी बेसुमार वाढतात, हे त्यांच्या लक्षात होते. १९५८ साली त्यांनी सदाफुलीतून मिळालेल्या व्हिन्ब्लास्टिन या द्रव्याची माहिती प्रसिद्ध केली. पुढे त्याच झाडातून व्हिन्क्रिस्टिनही मिळाले. लहान मुलांच्या रक्ताच्या कर्करोगावर ते आजही दिले जाते. त्याची मात्रा किती असावी? एका वेळी सहसा २ मिलिग्रॅमपेक्षा जास्त देत नाहीत, आणि तेही शिरेतून, रुग्णालयातच. म्हणून कोणी सदाफुलीची पाने चावून खायला सांगितली तर ऐकू नका. पानात किती द्रव्य आहे हे चावणाऱ्याला कळत नाही.

पेल्यातला निळा प्रकाश

आता एक प्रयोग खास माझ्या आवडीचा. आपल्या नागपूर जिल्ह्यातल्या जंगलात सागाबरोबर बीजा नावाचे झाड वाढते. पश्चिम महाराष्ट्रात त्याला बिबळा म्हणतात, आयुर्वेदात विजयसार. याच्या लाकडाच्या पेल्यात रात्रभर ठेवलेले पाणी मधुमेही माणसाने प्यावे, अशी समजूत आहे आणि असे पेले विकलेही जातात. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने १९९० च्या दशकात विजयसाराच्या रुग्णांवर चाचण्याही घेतल्या. पण त्या ठरावीक मात्रेच्या औषधाच्या आणि डॉक्टरांच्या देखरेखीखालच्या होत्या. पेल्यातल्या पाण्यात द्रव्य किती उतरले, हे पिणाऱ्याला कळत नाही. तेव्हा ते पाणी आपण प्यायचे नाही, पाहायचे आहे.

प्रयोग दुसरा : ओळखीच्या सुतारकाकांकडून बीजाच्या लाकडाचा चिमूटभर भुसा किंवा दोन-चार ढलप्या मागून घ्या. झाड तोडू नका. स्वच्छ काचेच्या ग्लासात पाणी घेऊन त्यात त्या रात्रभर ठेवा. सकाळी पाणी पिवळसर दिसेल. ते गाळून दुसऱ्या ग्लासात घ्या आणि उन्हात काळ्या कागदापुढे धरा. आता प्रकाशाच्या बाजूने, जरा तिरपे पाहा. पाण्याच्या कडेला निळसर झाक दिसते. आरपार पाहिले की पिवळे आणि बाजूने पाहिले की निळे!

याचे कारण असे. लाकडातून उतरलेले द्रव्य सूर्यप्रकाशातले डोळ्यांना न दिसणारे अतिनील किरण आणि काही जांभळा प्रकाश शोषून घेते आणि त्यातली काही ऊर्जा निळ्या प्रकाशाच्या रूपाने परत देते. याला अनुस्फुरण किंवा फ्लुओरेसन्स म्हणतात. आरपार आलेल्या प्रकाशातला जांभळा भाग कमी झालेला असतो, म्हणून तो पिवळसर दिसतो.

गंमत म्हणजे या प्रकाशाचा शोधही औषधी लाकडाच्या पाण्यातूनच सुरू झाला. स्पेनमधला वैद्य निकोलस मोनार्डिस याने १५६५ साली मेक्सिकोतल्या एका लाकडाविषयी लिहिले. मूत्रपिंडाच्या विकारावर त्याचे पाणी देत आणि ते निळे दिसे. पुढे १८५२ साली जॉर्ज स्टोक्स या पदार्थविज्ञानवेत्त्याने क्विनीनच्या द्रावणातला असाच निळा प्रकाश तपासून या घटनेचे नीट स्पष्टीकरण दिले. क्विनीन हे सिंकोना झाडाच्या सालीतले, हिवतापावरचे औषध. म्हणजे वैद्याच्या पेल्यातून पदार्थविज्ञानाचा एक विषय जन्माला आला. आज हाच गुण वनस्पतींचे नमुने ओळखायला उपयोगी पडतो. वाळलेल्या औषधी वनस्पतींची पूड अतिनील प्रकाशात कोणत्या रंगाची दिसते, हे पाहून भेसळीचा अंदाज घेतात.

वहीचे पान कसे असावे

आता वही. जाड पुठ्ठ्याची, दोनशे पानी. प्रत्येक वनस्पतीला समोरासमोरची दोन पाने द्या. डाव्या पानावर आकृती काढा. मोबाइलवर फोटो जरूर घ्या, पण आकृतीही काढाच. फोटो काढताना आपण झाड पाहतोच असे नाही. आकृती काढताना पानाच्या कडेचे दातेसुद्धा मोजावे लागतात. शेजारी वर्तमानपत्रात दाबून वाळवलेली छोटी डहाळी चिकटवा. दाबताना कागद रोज बदला, नाहीतर बुरशी येते.

उजव्या पानावर पुढील गोष्टी लिहा : गावातले नाव, आणि ते कोणी सांगितले. दुसरी नावे. शास्त्रीय नाव, पण ते शिक्षकांनी किंवा जाणकारांनी पक्के केल्यावरच. कुठे आढळली, कोणत्या तारखेला. फूल आणि फळ कोणत्या महिन्यात. कोणता भाग वापरतात, कसा, कशासाठी. कोणता धोका सांगितला जातो.

प्रत्येक माहितीपुढे एक अक्षर लिहायची सवय लावा. ‘ऐ’ म्हणजे ऐकले. ‘पा’ म्हणजे स्वतः पाहिले. ‘त’ म्हणजे तपासले, किंवा तपासणीचा छापील आधार वाचला. तुमच्या वहीत सुरुवातीला ‘ऐ’ पुष्कळ असतील. त्यात कमीपणा नाही. सर्पगंधाही आधी ‘ऐ’च होती. पण ‘ऐ’ला ‘त’ समजणे ही चूक होय. दोन माणसांनी एकाच वनस्पतीविषयी वेगवेगळे सांगितले तर दोन्ही लिहा. कोणाचे खोडू नका. आजी एक म्हणते आणि मावशी दुसरे, यातून पुढचा प्रश्न मिळतो.

आणि सांगणाऱ्या माणसाला आधी विचारा, ‘तुमचे नाव वहीत लिहिले तर चालेल ना?’ एखादे ज्ञान त्यांच्या घराण्याचे असेल, सांगायचे नसेल, तर आग्रह धरू नका.

हे मात्र करू नका

कोणतीही वनस्पती चाखून ओळखू नका. मोठ्यांनी पूर्वी चाखली असेल, तरीही. मोगली एरंडाच्या म्हणजे चंद्रज्योतीच्या बिया शेंगदाण्यासारख्या लागतात म्हणून मुले मिळून खातात आणि मग साऱ्यांनाच उलट्या-जुलाब होऊन रुग्णालयात न्यावे लागते. असे प्रकार महाराष्ट्रात अनेकदा घडले आहेत. धोतऱ्याच्या बिया आणि पिवळ्या कण्हेरीच्या बिया तर जीवघेण्या आहेत. रुईचा चीक डोळ्यांत गेला तर डोळ्याला इजा होते. बिब्ब्याच्या तेलाने कातडीवर फोड येतात. चीक असलेल्या झाडाला हात लावल्यावर आधी साबणाने हात धुवा.

कोणी चुकून काही खाल्लेच, तर मीठपाणी पाजून उलटी काढण्याच्या नादी लागू नका. लगेच १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवा किंवा जवळचे रुग्णालय गाठा, आणि त्या झाडाची पानाफळासह एक डहाळी बरोबर न्या. डॉक्टरांना उपचार ठरवायला तिचा फार उपयोग होतो. आपल्या वहीवरून कोणाला औषध देऊ नका. घरात कोणी काढा घेत असेल, तर तेही डॉक्टरांना सांगायची आठवण करा. पुष्कळ माणसे ‘तो काही औषध नव्हे’ म्हणून ते सांगतच नाहीत.

शिक्षकांसाठी चार शब्द

गुरुजनहो, हा उपक्रम वर्गात सहज करता येईल. जूनमध्ये प्रत्येक विद्यार्थ्याला घरच्या एका मोठ्या माणसाबरोबर पाच वनस्पती नोंदवायला सांगावे. ऑगस्टमध्ये साऱ्या वह्या एकत्र ठेवून एक तक्ता करावा. कोणत्या वनस्पतीला किती नावे मिळाली? एकच उपयोग किती घरांनी, एकमेकांना न विचारता, सांगितला? असा उपयोग आधी तपासण्याच्या योग्यतेचा. नावांची खात्री करायला जवळच्या महाविद्यालयातल्या वनस्पतिशास्त्राच्या प्राध्यापकांना बोलवावे. एखादे दिवशी आजी-आजोबांनाच वर्गात बोलवावे आणि विद्यार्थ्यांनी प्रश्न विचारावेत.

या वह्यांना पुढे जागाही आहे. २००२ सालच्या जैवविविधता कायद्यानुसार प्रत्येक ग्रामपंचायतीत आणि नगर परिषदेत जैवविविधता व्यवस्थापन समिती असावी आणि तिने लोक जैवविविधता नोंदवही ठेवावी, अशी तरतूद आहे. गावातल्या वनस्पती, प्राणी आणि त्यांविषयीचे लोकांचे ज्ञान यांची नोंद तीत करायची असते. अशा नोंदवह्यांची कल्पना रुजवण्यात पर्यावरणशास्त्रज्ञ डॉ. माधव गाडगीळ यांचा मोठा वाटा आहे. महाराष्ट्र राज्य जैवविविधता मंडळाचे कार्यालय तर आपल्या नागपुरातच आहे. तुमच्या गावची नोंदवही पाहायला मिळेल का, असे ग्रामपंचायतीत जाऊन विचारा. तीत वनस्पतींची नावे किती आहेत ते मोजा. तुमच्या आजीने सांगितलेली, पण तीत नसलेली एखादी वनस्पती सापडली, तर नमुना, तारीख आणि सांगणाऱ्याचे नाव यांसह समितीला कळवा.

येत्या रविवारी पहिल्या पाच नावांपासून सुरुवात करा. पेन्सिल, वही आणि मोजपट्टी बरोबर असू द्या. आणि आजीला आधीच सांगून ठेवा, की उद्या तिच्या बटव्याची झडती आहे!